पन्नास टक्के गोड

एकशेनऊ नंबरची ट्राम बॉक्स हिलला संपते.
पुढे रूळच नाहीत.
जुलैतला वारा कानात शिरतो आणि
समोर एकाच दारात दोन दुकानं:
डावीकडे बेकरी, उजवीकडे बबल टी.

बेकरीत ट्रे आपणच उचलायचा, चिमटाही आपणच.
प्लास्टिकची झापडं वर करून बघायचं:
सॉसेजला गुंडाळलेले पाव,
डुकराच्या मांसाची लोकर पांघरलेले पाव,
आणि अननसाचा बन,
ज्यात अननस औषधालाही नाही.
चिमट्याने एक हळूच दाबला.
दबला, आणि उसासा टाकून परत वर आला.

पण आज संकष्टी.
फोनने सकाळीच बजावलंय:
मेलबर्न, चंद्रोदय आठ बावन्न.
ट्रे जागेवर ठेवला,
उजवीकडे वळले.

काउंटरवर हुई अर्न. चष्मा, ओल्या बाह्या.
गोड किती? शून्य, तीस, पन्नास, सत्तर, शंभर?
बर्फ किती?
इतकं नेमकं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मी मनात हिशेब मांडला:
दूध चालतं. चहा आई घेते, म्हणजे चालतो.
गूळही चालतो. आणि हे काळे मोती?
कंदाचं पीठ, ती म्हणाली, टॅपिओका.
म्हणजे साबुदाणाच की!
परदेशी शिकायला जाऊन
अंगाने सुटलेला साबुदाणा.
पन्नास टक्के, म्हटलं. बर्फ नको.

यंत्राने कपावर पापुद्रा चिकटवला,
मी जाड नळी खुपसली. टप्प.
पहिला मोती जिभेवर आला,
दुसरा थेट घशात.

कोपऱ्यातल्या स्टुलावर तिची आजी,
फू यॉक लान, वय अठ्ठ्याऐंशी, निळी लोकरी टोपी,
पातेल्यातला एकेक दाणा बोटांत चिरडून बघत होती.
शिजला की नाही ते बोटं सांगतात,
घड्याळ नाही.
ती स्वतः खात नाही. कधीच नाही, नात म्हणाली,
आणि विचारू की नको करत
माझ्यासाठी विचारलंन.

आजी हक्का बोलते.
मला वाटायचं, ते फक्त नूडल्सचं नाव.
नात तुकड्यातुकड्याने इंग्रजीत आणत गेली:
इपोहजवळ, टेकडीखाली घर.
जपानी आले. तांदूळ गेला.
मग उबी. हाच कंद.
सकाळी उबी, रात्री उबी,
उकडून, भाजून, कधी नुसतं तिचं पाणी.
तीन वर्षं आठ महिने.
धाकट्या बहिणीचे पाय सुजले.
बोटाने दाबलं की खड्डा पडायचा,
पडला की तसाच राहायचा.

पुढचं वाक्य नातीने माझ्यापर्यंत आणलं नाही.

तोंडातला मोती चावू की गिळू?
माझ्या भाषेत दोन्हींत दोनच अक्षरांचं अंतर:
उपास. उपासमार.
एकाला चंद्र असतो, सुटायची वेळ असते,
वर ताटात मोदक.
दुसरीला नुसते महिने.
हे मी तिला सांगितलं नाही.
नातीला आणखी किती ओझी वाहायला लावायची!

आजी उठली. डावीकडच्या दुकानात गेली,
हातात ट्रे नाही, चिमटा नाही,
भट्टीवरच्या माणसाला काहीतरी म्हणाली
आणि बशीत एक एग टार्ट घेऊन आली.
गरम, गोल, पिवळा,
मधोमध अजून थरथरत असलेला.
अर्धा मोडला. माझ्यापुढे धरला.

साडेचार वाजले होते.
आठ बावन्नला अजून अवकाश.
त्यात अंडं, लोणी, कदाचित चरबीसुद्धा.
मी हात पुढे केला.
उपास मोडला की सोडला,
आईला फोनवर काय सांगायचं ते बघू.
बशीत काहीतरी उगवलं होतं, एवढं खरं.

कपाच्या तळाशी चार मोती राहिले होते.
मी कप सरकवला, पर्स उचलली.
आजीने नखाने कपावर टकटक केलं,
चार वेळा,
एकेका मोत्यासमोर.